होस्टा कोल्हापुरात का रुसतो?

सावलीतल्या बागेसाठी होस्टाची रोपं मागवणाऱ्यांचा अनुभव ठरलेला असतो: पहिल्या पावसाळ्यात पानं भरघोस, दुसऱ्या वर्षी निम्मी, पुढं कुंडी रिकामी. खत कितीही घाला, फरक पडत नाही. कारण त्याच्या कुळात आहे.

होस्टा मूळचा चीन, कोरिया, जपान आणि रशियाच्या अतिपूर्व भागातला. जपानात कडक हिवाळ्याच्या डोंगरउतारांवर तो वाढतो. थंडीत पानं झडतात, गड्डा झोपी जातो. (वसंतातले कोवळे कोंब तिथं भाजीला वापरतात.) युरोपात त्याचं वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं १७१२ मध्ये, केम्फर या जर्मन वैद्याच्या ग्रंथात. जपानी जातींचा मोठा साठा झीबोल्ड या दुसऱ्या जर्मन वैद्यानं १८३० मध्ये हॉलंडला नेला. पुढं इंग्लंड-अमेरिकेत संकर होत गेले, १९६८ मध्ये अमेरिकेत होस्टाप्रेमींची संस्था निघाली आणि जाती हजारोंवर गेल्या. हे सगळं बर्फ पडणाऱ्या मुलखात. उष्णतेत टिकावी म्हणून निवड फारशी झालीच नाही.

गड्ड्याला नीट विश्रांतीसाठी ५ अंशांखाली सहा-आठ आठवडे लागतात. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीची पहाट १४-१५ अंशांच्या आसपास. झोप मिळत नाही, साठा संपतो, कोंब बारीक होत जातात. निळसर जातींची आणखी एक अडचण: तो रंग पानावरच्या मेणाचा असतो. आपल्या पावसात मेण धुऊन जातं आणि पान साधं हिरवं दिसतं.

वेगळी शाखा एकच, प्लँटॅजिनिया. ही चीनमधली, पांढऱ्या सुवासिक फुलांची; अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच पॅरिसला पोचलेली. उष्णता तीच जास्त सोसते. हौस असेल तर तिच्यापासून तयार झालेली जात घ्या. डिसेंबरमध्ये पाणी तोडा, पानं वाळली की गड्डा काढून माती झाडा, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून भोकं पाडलेल्या पिशवीतून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. शेजारी सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतला वायू कोंबांना मारक. आठ आठवड्यांनी दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू अशा मिश्रणात लावा. कोंब मातीच्या पातळीवरच राहू द्या. खोल गेला की जुलैच्या झडीत गड्डा सडतो. गोगलगायी रात्री वेचाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर कॅलेडियम लावा. तोही गड्ड्याचाच, पण उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतला. त्याला झोपायला थंडी लागत नाही, कोरडेपणा पुरतो. हिवाळ्यात कुंडी कोरडी ठेवायची आणि वळीव झाला की पाणी सुरू करायचं.