टॉमस पेन याचा वारसा

टॉमस पेन (१७३७–१८०९) हा इंग्लंडमधील थेटफर्ड येथे जन्मलेला आणि अमेरिकन व फ्रेंच अशा दोन्ही राज्यक्रांत्यांत उतरलेला लेखक. त्याच्या पश्चात त्याच्या विचारांच्या वाटण्या झाल्या. राजकीय सुधारकांनी ‘कॉमन सेन्स’ (१७७६) आणि ‘राइट्स ऑफ मॅन’ (१७९१–९२) उचलले, धर्मचिकित्सकांनी ‘द एज ऑफ रीझन’ (१७९४–९५) घेतले आणि ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’ (१७९७) ही पुस्तिका बराच काळ बेवारस राहिली. सूत्र मात्र सगळीकडे एकच आहे: मेलेल्यांनी घालून दिलेली व्यवस्था जिवंतांना बंधनकारक नाही, मग ती गादीची असो, पोथीची वा जमिनीची.

‘कॉमन सेन्स’च्या तीन महिन्यांत १,२०,००० प्रती खपल्या असे सर्रास लिहिले जाते. हा आकडा खुद्द पेनचा आहे, तेव्हा तो जपूनच वापरावा.

धर्मविचार आणि खटले. पेनला नास्तिक म्हणणे चूक आहे, जरी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टसारख्यांनी तसे म्हटले असले तरी. तो एकच ईश्वर मानत असे. नाकारत होता तो ईश्वराच्या नावाने बोलणारा मध्यस्थ. त्याचा मुद्दा सरळ आहे. एखाद्याला साक्षात्कार झाला तर तो त्याच्यापुरता साक्षात्कार. त्याने दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्याने तिसऱ्याला, की ती झाली ऐकीव गोष्ट, आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला कोणी बांधील नाही.

हे विचार मांडणारे ‘द एज ऑफ रीझन’ विकणे इंग्लंडमध्ये गुन्हा ठरत होते. प्रकाशक रिचर्ड कार्लाइल याने १८१९ च्या खटल्यात सगळा ग्रंथ न्यायालयात वाचून दाखवला. हेतू हा, की खटल्याचा वृत्तान्त म्हणून तोच मजकूर पुन्हा छापता यावा. शिक्षा तीन वर्षांची झाली, पण दंड न भरल्यामुळे मुक्काम सहा वर्षांवर गेला. त्याच्यामागे पत्नी, बहीण आणि दुकानातील माणसेही तुरुंगात गेली. विक्रेता ओळखून साक्ष देणाऱ्या खबऱ्यांना चकवण्यासाठी दुकानात मग एक तबकडी बसवली गेली. गिऱ्हाइकाने काटा हव्या त्या पुस्तकाच्या नावावर फिरवायचा, पैसे टाकायचे, की पुस्तक खाली येई आणि विकणाऱ्याचे तोंड दिसत नसे.

जमिनीचा हिशेब. ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’चे म्हणणे असे: जमीन मुळात सर्वांची, लागवडीने वाढलेली किंमत मालकाची, पण मूळ जमिनीचे भाडे तो समाजाला देणे लागतो. ते वारसाहक्काच्या वेळी वसूल करावे. इंग्लंडची एकूण मालमत्ता पेनने १३० कोटी पौंड धरली. ती सरासरी ३० वर्षांत एकदा हात बदलते, म्हणजे वर्षाला सुमारे ४,३३,३३,३३३ पौंड. त्यातील ३ कोटी थेट वारसांकडे जातात, त्यांवर १० टक्के; उरलेले दूरच्या नातलगांकडे, त्यांवर २० टक्के. जमा ५६,६६,६६६ पौंड.

खर्च असा: पन्नाशीपुढील ४ लाख लोकांना वर्षाला १० पौंड, म्हणजे ४० लाख. एकविसावे वर्ष गाठणाऱ्या ९०,००० जणांना एकरकमी १५ पौंड, म्हणजे १३,५०,०००. उरलेले ३,१६,६६६ पन्नाशीच्या आतील अंध व अपंगांसाठी. पैसे गरीब-श्रीमंत सर्वांना, कारण ही भीक नव्हे, हक्क आहे. हिशेब कच्चा राहतो तो पहिल्याच आकड्यात. मालमत्तेचा अंदाज चुकला की खालचे सगळे कोसळते, आणि मरणाऱ्यांनी ती आधीच वाटून टाकली तर कर हाती लागत नाही. तरीही सार्वत्रिक निवृत्तिवेतन आणि मूलभूत उत्पन्न (प्रत्येकाला विनाअट मिळणारी ठरावीक रक्कम) यांवरच्या आजच्या चर्चेत या पुस्तिकेचा दाखला हटकून येतो.

भारत. अमेरिकेतून जहाजाने कलकत्त्यात ‘एज ऑफ रीझन’च्या हजार प्रती उतरल्या आणि रुपयाला मिळणारी प्रत मागणीमुळे पाच रुपयांवर गेली, अशी नोंद मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी चिडून केली आहे. गिऱ्हाईक होते हिंदू कॉलेजच्या परिसरातील तरुण.

महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. इतरत्र वेगळ्या पडलेल्या वाटण्या इथे पुन्हा एकत्र आल्या. मनुष्यमात्राचे जन्मसिद्ध हक्क आणि निर्मिक (फुले यांचा ईश्वरासाठीचा शब्द) व मनुष्य यांच्यामधला भट नाकारणे, या दोन्ही गोष्टी सत्यशोधक समाजात (१८७३) आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (१८९१) एकाच मांडणीच्या बाजू आहेत. पण सारे श्रेय पेनला देणे अन्यायाचे होईल. जातीची उतरंड आणि शेतकऱ्याची लूट यांचे फुले यांनी केलेले विश्लेषण पेनच्या कोणत्याही पानावर सापडत नाही.

अवशेष. अमेरिकेतील न्यू रोशेल येथील शेतात पुरलेल्या पेनच्या अस्थी १८१९ मध्ये इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेट याने उकरून इंग्लंडला नेल्या. हाच कॉबेट पूर्वी पेनचा कडवा टीकाकार होता. भव्य स्मारक उभारण्याचा त्याचा बेत पैशाअभावी बारगळला आणि १८३५ मध्ये तो मेला तेव्हा अस्थी त्याच्याच सामानात होत्या. पुढे त्या हातोहात जाऊन हरवल्या. थेटफर्डला १९६४ पासून पेनचा सोनेरी मुलाम्याचा पुतळा आहे; त्याच्या हातातले ‘राइट्स ऑफ मॅन’ उलटे धरलेले आहे.