सोलापूरचा टॉवेल अन् सिंहगडावरचा पाऊस

जुलै महिन्यात थंडीनं माणूस गारठून जाऊ शकतो हे आपल्या सोलापुरात सांगितलं तर कुणाला पटत नाही, कारण मे मध्ये आपण ४३-४४ डिग्री काढलेले असतात आणि पाऊस म्हणजे आपल्यासाठी सुटका. मलाही पटलं नसतं. पण सिंहगडावर माझ्या मावसभावाची जी अवस्था बघितली तेव्हापासून पावसातल्या ट्रेकचा प्लॅन मी कपड्यांपासून सुरू करतो, रस्ता अन् गाडी नंतर.

रात्रीच्या गाडीनं पुणे, स्वारगेटवरून सिटी बसनं पायथा, गड चढून उतरून रात्री परत, असा एका दिवसाचा बेत. पायथ्याच्या आतकरवाडीतून चढताना तो सगळ्यांच्या पुढं, घामाघूम, रेनकोट काढून बॅगेत टाकलेला, अंगात जाड कॉटनचा टी-शर्ट, भिजायलाच आलोय की म्हणत. वर धुकं होतं, वारा होता. भजीसाठी अर्धा तास थांबलो असू, तेवढ्यात त्याचे दात वाजायला लागले, मग रेनकोटची चेन लावता येईना, मग बोलताना शब्द जड व्हायला लागले. झोपडीतल्या मावशींनी त्याला आत चुलीजवळ घेतलं, ओला टी-शर्ट काढायला लावला, कोरडं पांघरूण दिलं, गोड चहा पाजला. त्या मावशींना मी आजही मानतो, कारण त्यांनी जे केलं तेच अगदी बरोबर होतं.

आता बघा, तिथं तापमान काही बर्फाचं नव्हतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, सिंहगड १३१२. ओलसर हवेत वर जाताना दर किलोमीटरला पाच-सहा डिग्री उतरतात, म्हणजे पुण्यात २३ असेल तर वर १९. आपण एसी याच्या आसपास ठेवतो. फरक फक्त दोन गोष्टींचा, अंग ओलं आणि वारा सुरू. साचलेलं पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळं ओलं कापड अंगाला चिकटलं की ते अंगातली ऊब बाहेर पोचवत बसतं. वरून बाष्पीभवन. एक ग्रॅम पाणी अंगावरून उडायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे १०० मिली, एक छोटा कप पाणी, त्याला ५८ किलोकॅलरी. अन् ६० किलोच्या माणसाचं अंग एका डिग्रीनं उतरवायला जवळपास ५० किलोकॅलरी पुरतात. ही सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, शरीर नवीन तयारही करत असतं, तरी हिशोब केवढ्याचा आहे ते कळतं. आतलं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात, फक्त दोन डिग्रींचं अंतर आहे.

मग चढताना का नाही वाजली थंडी? कारण स्नायू आपण खाल्लेल्यातला जेमतेम पाव भाग कामाला लावतात आणि बाकीची सगळी उष्णता होते, म्हणजे चढणारा माणूस ही चालती शेगडीच असते, आणि वर पोचून बसला की शेगडी बंद, पण ओला टी-शर्ट तसाच अंगावर. धोका चढणीत नसून थांबण्यात आहे, आणि आपण थांबतो नेमकं जिथं वारा सगळ्यात जास्त तिथंच.

कॉटनचं म्हणाल तर ते सोलापूरकराला समजवायलाच नको. आपला टॉवेल देशभर का जातो, तर तो पाणी ओढतो. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज, त्याच्या रेणूंना पाणी धरायला जागाच जागा, नुसत्या दमट हवेतूनही तो वजनाच्या सात-आठ टक्के पाणी पितो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. जो गुण बाथरूममध्ये हवा तोच डोंगरावर नको. क्रिकेटची साधी पॉलिएस्टरची जर्सी घाला, चढताना रेनकोटची चेन उघडी ठेवा नाहीतर घामानंच आतून भिजाल, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून एक कोरडा शर्ट अन् कानटोपी. वर पोचल्यावर फोटोच्या आधी शर्ट बदलायचा. बोटं ऐकेनाशी झाली, बोलणं अडखळलं, पाय लटपटले, तर गप्पा बंद, त्या मावशींनी केलं तेच करायचं. आणि जोरात थरथरणारा माणूस शुद्ध हरपत असताना थरथरायचा थांबला तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, शरीर हरत चाललंय त्याचं आहे, तेव्हा लगेच मदत बोलवायची.

खायला शेंगाचटणी आणि कडक भाकरी, याला तोड नाही. थरथरणं म्हणजे स्नायूंनी उष्णतेसाठी इंधन जाळणं, आणि पोट रिकामं असेल तर ते फार वेळ चालत नाही. भाकरी मात्र हवाबंद न्या, त्या धुक्यात दहा मिनिटांत वातड होते.

वेळेचं गणित सोपं आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली नियम दिला, सपाटीच्या ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आतकरवाडीची वाट तीनेक किलोमीटर, चढाई सहाशेच्या आसपास, म्हणजे दीड तासाच्या वर थोडं. हा झाला कोरड्या वाटेवरचा सवयीचा माणूस, चिखलात आपण त्यात निम्मा वेळ आणखी धरतो. उतरायला तेवढाच वेळ ठेवायचा, कारण ओल्या काळ्या दगडावर शेवाळाचा थर म्हणजे बूट आणि दगड यांच्यामध्ये लावलेलं ग्रीसच, आणि माणसं चढताना कमी अन् दमून उतरताना जास्त घसरतात. परत फिरायची वेळ घरीच ठरवायची, वर गेल्यावर ठरवली तर पाळली जात नाही.

अंदाज बघताना पुणे शहराचा बघू नका. हवामान खातं घाट भागाचा इशारा वेगळा देतं, तो बघा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे त्यांच्या भाषेत जोरदार, ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर तिकीट कॅन्सल, एवढं सरळ.

आणि आपला पाऊस वेगळा आहे हे डोक्यात पाहिजे. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, गार होते, पाणी तिथंच टाकते, आणि घाट उतरून आपल्याकडं येते तेव्हा कोरडी झालेली असते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आपल्याला सातशेच्या आसपास, आणि आपला जोर सप्टेंबरला. याच पर्जन्यछायेमुळं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ढगांत बी पेरायचा, म्हणजे पाऊस पाडायला ढगांत बारीक कण सोडायचा प्रयोग करायला सोलापूर निवडलं. सह्याद्रीवर जुलैत रिपरिप दिवसभर चालते, तिची ठरलेली वेळ नसते. आपल्याकडं मात्र जमीन दुपारपर्यंत तापते, ढग उंच वाढतात आणि चारनंतर विजांसकट कोसळतात. म्हणून सप्टेंबरात धाराशिवजवळच्या येडशीच्या रामलिंगला जायचं तर पहाटे निघा अन् दुपारी परत. वीज दिसली की मोजायला लागा, आवाजाला किलोमीटरमागं तीन सेकंद लागतात, तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, माथा अन् एकटं झाड सोडून खाली उतरायचं.

ओढ्याचं शेवटी सांगतो, पण हलकं घेऊ नका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दोन चौरस किलोमीटरच्या डोंगरावर ५० मिलिमीटर पडला तर दहा कोटी लिटर, आणि कातळात मुरायला जागा कमी, त्यामुळं बरंचसं पाणी त्या एका ओढ्यातच येतं, तुमच्या डोक्यावर ऊन असताना सुद्धा. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट झाला की ढकलणं चौपट. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, तर पलीकडं सामान राहिलं असेल तरी राहू द्या. अलीकडच्या काठावर उंच जागा बघून बसा, कोरडा शर्ट अंगात, भाकरी हातात, पाणी उतरेपर्यंत.