पांढरं स्वयंपाकघर जास्त स्वच्छ राहतं का?

"ओटा, टाइल्स, कपाटं सगळं पांढरं करा, डाग लगेच दिसतो, म्हणून स्वयंपाकघर स्वच्छ राहतं." घराचं काम काढलं की हा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं अर्धं खरं आहे: डाग दिसतो. पण दिसलेला डाग निघेलच असं नाही, आणि जंतू तर कुठल्याच रंगावर दिसत नाहीत.

आपल्याकडे खरा प्रश्न हळदीचा. तिला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. फोडणीचे शिंतोडे टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटी ग्राउटमध्ये मुरतात, कारण ते सच्छिद्र असतं. साबण लावला तर डाग लालसरही होतो. कारण साबण अल्कलीयुक्त, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो आणि अल्कलीत हळद रंग बदलते. उन्हाने तो फिका पडतो खरा, पण गॅसमागच्या भिंतीवर ऊन येतं कुठे?

पांढऱ्या संगमरवराची गोष्ट वेगळी. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम यांतलं आम्ल त्याचा पृष्ठभागच खातं. तो डाग नसतोच, म्हणून घासून जात नाही. पुन्हा पॉलिश करावं लागतं.

खात्री करायची तर दुकानातून टाइल, लॅमिनेट आणि दगडाचा एकेक तुकडा मागून आणा. त्यावर हळद कालवलेलं तेल आणि शेजारी लिंबाचा रस रात्रभर ठेवा, सकाळी धुवा. मला विचाराल तर पांढरा रंग वरच्या कपाटांना द्यावा, ओट्याला काळा ग्रॅनाइट आणि ग्राउट राखाडी.