तुरुंगात धर्मानुसार आहार मिळवताना अर्ज कुठे अडतो

घरचं माणूस तुरुंगात गेलं की कुटुंबाचा जीव वकील, जामीन आणि भेटीच्या वेळा यांत अडकलेला असतो. जेवणाचं कळतं ते उशिरा, पत्रातल्या एखाद्या ओळीतून: इथलं बरंचसं मला चालत नाही, अर्ज केला होता, नामंजूर झाला. श्रद्धा खरी असूनही कागदापायी माणूस महिनोन्‌महिने अर्धपोटी राहतो, हे बघवत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी आधार कशाचा घ्यायचा ते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये ‘नेल्सन मंडेला नियम’ स्वीकारले. अन्नाबद्दलचा नियम बाविसावा, म्हणून अर्जात तोच लिहावासा वाटतो. पण त्यात पोषण, दर्जा आणि पिण्याचं पाणी एवढंच आहे. धर्माचं नाव नाही. कैद्यांच्या धार्मिक श्रद्धांचा मान राखा असं सांगणारा नियम क्रमांक दोनचा आहे, तो लिहा. युरोपीय तुरुंग नियमांतला २२.१ मात्र आहार ठरवताना धर्म लक्षात घ्या असं सरळच म्हणतो. अमेरिकेत २००० सालचा संघीय, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा आहे, वकील त्याला ‘आरलुइपा’ म्हणतात. त्यात एखादं आचरण धर्मात सक्तीचं आहे की नाही हा प्रश्नच ठेवलेला नाही. श्रद्धा प्रामाणिक हवी.

आता सगळ्यांत जास्त अर्ज अडवणारा कागद: धर्मगुरूंचं पत्र. आत असलेल्या माणसाने ते आणायचं कुठून? ज्याने तुरुंगातच धर्म बदलला, त्याला तर बाहेर ओळखणारं कोणी नसतं. रुमेनियात एका कैद्याची प्रवेशाच्या वेळी ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन अशी नोंद होती. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला आणि डुकराचं मांस नसलेलं जेवण मागितलं, तर धर्मांतराचा लेखी दाखला आणा असं उत्तर मिळालं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२० मध्ये निकाल त्याच्या बाजूने दिला. त्याच्या प्रामाणिकपणावर कोणी शंकाच घेतली नव्हती, मग कागदाचा एवढा हट्ट कशासाठी? अमेरिकेतल्या संघीय तुरुंगांचा नियमही कैद्याकडून त्याचं स्वतःचं लेखी निवेदन मागतो. हा आहार मला धर्मासाठी का हवा, एवढं त्याने सांगायचं, आणि चॅप्लेन म्हणजे तुरुंगातले धर्मसेवा अधिकारी ते तपासतात. तेव्हा पत्र मिळत असेल तर जरूर जोडा, पण त्याच्यासाठी अर्ज थांबवून ठेवू नका. प्रवेशाच्या नोंदीत धर्म चुकीचा किंवा कोरा असेल तर मात्र ती दुरुस्ती त्याच दिवशी मागा. अर्ज तपासणारा पहिल्यांदा तीच नोंद उघडतो.

निवेदन कसं लिहावं यावर सगळं ठरतं, आणि नेमकं तेच घाईत खरडलं जातं. ‘मला जैन आहार मिळावा’ एवढंच लिहिलं तर स्वयंपाकघर साधं शाकाहारी ताट देतं, त्यात बटाटा आणि कांदा असतोच, आणि फाइलवर ‘मागणी पूर्ण’ असा शेरा पडतो. काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन लिहा: मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, जमिनीखाली वाढणारं सगळं. सूर्यास्तापूर्वी जेवायचं असेल तर ती वेळेची मागणी आहे, ती वेगळ्या परिच्छेदात घ्या. काय खात नाही आणि जे खातो ते कसं शिजवलेलं हवं, हेही वेगळं ठेवा. पोलंडमधल्या एका बौद्ध कैद्याने फक्त मांसविरहित जेवण मागितलं होतं. त्यासाठी वेगळी भांडी किंवा खास जिन्नस लागत नव्हते, आणि २०१० मध्ये निकाल देताना युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हेच लक्षात घेतलं. कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसारच्या जेवणाला वेगळं स्वयंपाकघर आणि वेगळी खरेदी लागते, तिथे तुरुंगाला तयारीसाठी अधिक मोकळीक मिळते. म्हणून जे खरोखर आवश्यक आहे तेच मागा, पण ते पूर्ण मागा.

आणि कृपा करून ‘शिवाय मला पित्ताचाही त्रास आहे’ असं शेवटी जोडू नका. अर्जाचं वजन वाढेल असं वाटून लोक ते लिहितात. मग अर्ज डॉक्टरकडे जातो, डॉक्टर ‘वैद्यकीय गरज नाही’ लिहितात, आणि धर्माचा मुद्दा कोणी वाचतच नाही. त्रास असेल तर दुसरा अर्ज करा.

मंजुरीनंतरचा धोका म्हणजे तुरुंगाचं दुकान. तिथून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद राहते, आणि निषिद्ध पदार्थ सापडला की श्रद्धेवरच बोट ठेवलं जातं. टेक्सासमधल्या एका ज्यू कैद्याविरुद्ध प्रशासनाने हाच युक्तिवाद केला होता. अपील न्यायालयाने २०१२ मध्ये तो मानला नाही, कारण चुकतो म्हणून कोणी अश्रद्ध ठरत नाही. पण तिथवर पोचायला वर्षं गेली. संघीय तुरुंगांत आहार सोडला किंवा काढून घेतला गेला तर पुन्हा मंजुरीला साधारणतः ३० दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि असं वारंवार झालं तर एक वर्षापर्यंत थांबावं लागू शकतं. सोबत्यासाठीसुद्धा तसं काही विकत घेऊ नका.

नकार आला तर मुदतींकडे डोळ्यांत तेल घालून बघा. अमेरिकेच्या संघीय तुरुंगात लेखी तक्रारीला घटनेपासून २० दिवस असतात, आणि आधी करायची अनौपचारिक विनंती याच २० दिवसांत बसवायची असते. ‘ते उत्तर देतील, मग मोजू’ म्हणून थांबलेले पुष्कळ जण इथेच बाद होतात. पुढचं अपील वॉर्डनने, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाने, सही केल्याच्या तारखेपासून २० दिवसांत. उत्तर हातात कधी पडलं ते धरत नाहीत. त्यानंतरचं, प्रादेशिक संचालकांच्या सहीपासून ३० दिवसांत. उत्तर उशिरा पोचवायचं आणि दिवस सहीपासून मोजायचे, हा कुठला न्याय? तरी नियम तोच आहे, म्हणून पाकीट मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. उशिराचं कारण द्यावं लागलं तर तेवढाच पुरावा असतो. या पायऱ्या वेळेत चढल्या नाहीत तर न्यायालय दावा ऐकत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केलं आहे. युरोपीय न्यायालयाकडे दाद मागायची मुदत १ फेब्रुवारी २०२२ पासून चार महिने झाली; जुन्या पुस्तिकांत अजून सहा छापलेले असतात.

उपासाच्या महिन्यासाठी वेगळी नावनोंदणी असते, आणि तिची यादी उपास सुरू होण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. कायमचा आहार मंजूर आहे म्हणून ते नाव आपोआप चढेल असं धरू नका.

राहिली बदली. दुसऱ्या तुरुंगात माणूस आज पोचतो, त्याची फाइल मागून येते. मंजुरीच्या दोन प्रती काढा. एक त्याच्या स्वतःच्या कागदांत असू द्या, दुसरी घरी ठेवा, आणि बदली कळली त्याच दिवशी नव्या ठिकाणच्या धर्मसेवा अधिकाऱ्यांना पाठवा.