नोकऱ्या छोटे उद्योग देतात की नवे?

‘रोजगार छोटेच उद्योग देतात’ हा समज १९७९ पासून पक्का झाला. अमेरिकेत १९६९ ते १९७६ दरम्यान वाढलेल्या नोकऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश २० पर्यंत माणसांच्या उद्योगांतल्या, असं तिथल्या एमआयटी विद्यापीठाचे संशोधक डेव्हिड बर्च यांनी मांडलं. २०१३ मध्ये हॉल्टिवांगर, जार्मिन आणि मिरांडा या अर्थतज्ज्ञांनी उद्योगाचं वयही हिशेबात धरलं, आणि आकाराचा प्रभाव जवळपास उरलाच नाही! नवे उद्योग बहुधा छोटे असतात, तिथेच गफलत झाली. त्यातलेही बरेच लवकर बंद पडतात, मोजकेच झपाट्याने वाढतात. वीस वर्षं पाच माणसांवरच चाललेला व्यवसायही छोटाच. त्याचं मोल आहेच, पण नव्या नोकऱ्यांसाठी प्रदेशाने आधी नव्याने सुरू होणाऱ्यांकडे पाहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.