थॉमसन : एका आडनावाच्या शास्त्रीय संज्ञा

‘थॉमसन परिणाम’, ‘जूल–थॉमसन परिणाम’, ‘थॉमसन प्रकीर्णन’ आणि ‘थॉमसन अणुप्रतिमान’ या भौतिकीतील संज्ञा एकाच शास्त्रज्ञाच्या नावाच्या वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन विल्यम थॉमसन यांच्या आणि नंतरच्या दोन जोसेफ जॉन थॉमसन यांच्या नावाच्या आहेत. दोघांचे परस्परांशी नाते नव्हते. संज्ञा उष्णतेची असेल तर विल्यम आणि इलेक्ट्रॉनची असेल तर जोसेफ जॉन, एवढी खूणगाठ विद्यार्थ्याला बहुतेक वेळा पुरते.

विल्यम थॉमसन (१८२४–१९०७) यांचा जन्म बेलफास्टचा; १८४६ ते १८९९ ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक होते. १८९२ मध्ये त्यांना उमरावपद मिळाले आणि विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीच्या नावावरून ते लॉर्ड केल्विन झाले. निरपेक्ष तापमानश्रेणी (शक्य तितक्या नीचतम तापमानाला शून्य मानणारी मोजपट्टी) त्यांनी १८४८ मध्येच मांडली होती, पण तिच्या एककाला पुढे ‘केल्विन’ हे नाव पडले. त्यामुळे एकाच माणसाचे काम दोन नावांनी विखुरले आहे आणि खरा गोंधळ इथूनच सुरू होतो.

थॉमसन परिणाम हा तापविद्युत परिणाम आहे. एक टोक गरम व दुसरे थंड असलेल्या तारेतून विद्युत् प्रवाह नेला, की रोधामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेखेरीज आणखी थोडी उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते. तांब्यात प्रवाह गरम टोकाकडून थंड टोकाकडे गेल्यास ती बाहेर पडते, लोखंडात शोषली जाते. प्रवाहाची दिशा पालटली की दोन्हींत उलट घडते. रोधामुळे येणारी उष्णता अशी कधी पालटत नाही.

जूल–थॉमसन परिणाम याहून अगदी वेगळा. दाबाखालील वायू बाहेरून उष्णता मिळू न देता सच्छिद्र अडसरातून कमी दाबाकडे जाऊ दिला, की त्याचे तापमान बदलते. विल्यम थॉमसन आणि जेम्स जूल यांनी १८५२ पासून हे प्रयोग केले. नेहमीच्या तापमानाला नायट्रोजन थंड होतो. हायड्रोजन आणि हीलियम मात्र किंचित तापतात, म्हणून त्यांना आधी पुरेसे थंड करून घ्यावे लागते. कार्ल फोन लिंडे यांनी १८९५ मध्ये याच तत्त्वावर हवेचे मोठ्या प्रमाणावर द्रवीकरण करून दाखवले. या संज्ञांपैकी व्यवहारात सर्वांत फलदायी ठरली ती हीच.

जोसेफ जॉन थॉमसन (१८५६–१९४०) यांनी १८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनचा शोध लावला. धन प्रभाराच्या गोलात इलेक्ट्रॉन रुतलेले आहेत, हे त्यांचे १९०४ चे अणुप्रतिमान पुढे रदरफर्ड यांच्या प्रतिमानाने मागे पडले. थॉमसन प्रकीर्णन मात्र आजही तितकेच कामाचे आहे. मुक्त इलेक्ट्रॉनवर कमी ऊर्जेचा प्रकाश पडला की तो तरंगलांबी न बदलता इतस्ततः फाकतो, आणि हे सर्व रंगांच्या बाबतीत सारख्याच प्रमाणात होते. खग्रास सूर्यग्रहणात काळ्या चंद्रबिंबाभोवती दिसणारे प्रभामंडल पांढरे असते ते यामुळेच: तिथले मुक्त इलेक्ट्रॉन सूर्याचाच प्रकाश आपल्याकडे वळवत असतात.

याच आडनावाचे आणखी दोघे संज्ञांच्या इतिहासात येतात. विल्यम यांचे थोरले बंधू जेम्स थॉमसन यांनी कोनाच्या एककासाठी ‘रेडियन’ हा शब्द रूढ केला. १८७३ मध्ये तो त्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत छापला गेला. जोसेफ जॉन यांचे पुत्र जॉर्ज पॅजेट थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचे विवर्तन (तरंगांप्रमाणे वळून पसरणे) दाखवले आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक क्लिंटन डेव्हिसन यांच्यासह मिळवले.