गाडीच्या इंजिनाचा वॉटर पंप घरी बदलताय? खोकं उघडण्याआधी हे वाचा

हे पत्रक आम्ही प्रत्येक वॉटर पंपाच्या खोक्यात टाकतो. ‘नवा पंपही गळतोय’ म्हणून जे पंप आमच्याकडे परत येतात, त्यातले बरेचसे ठणठणीत असतात. खोट असते ती बसवण्यात, आणि त्यातही बहुतेक वेळा पृष्ठभाग नीट साफ न करण्यात.

आधी खात्री करा

पंपाचा दांडा बेअरिंगवर फिरतो आणि पाणी अडवायला त्याला एक सील असतं. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये पंपाच्या अंगाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील झिजलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि रसायनाचं मिश्रण) बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, यासाठी. भोकाजवळ वाळलेला फिकट डाग दिसला तर लगेच पंप बदलायची गरज नाही. थेंब पडत असतील किंवा खाली हिरवी, गुलाबी, पांढरट खपली साचली असेल, तर मात्र पंप संपला. ते भोक सीलंटने बुजवण्याचा ‘उपाय’ काही जण सांगतात. तसं केलंत तर कूलंट बेअरिंगमध्ये जाईल, बेअरिंग जाम होईल आणि मग बेल्टही जाईल.

थर्मोस्टॅटच्या झाकणातून किंवा वरच्या होज पाइपातून गळलेलं कूलंटही ओघळत पंपावरच येतं. म्हणून इंजिन थंड असताना सगळा भाग कोरडा पुसा, मग इंजिन चालू करून टॉर्चने ओल नेमकी कुठून सुरू होते ते पाहा. इंजिन बंद करून पुली हाताने हलवा. ती डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलं आहे.

पंप टायमिंग बेल्टवर असेल तर

काही गाड्यांत पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, काहींत टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या दातेरी पट्ट्यावर. पहिल्या प्रकारात हे काम घरी जमण्यासारखं आहे. दुसऱ्या प्रकारात, हातात टायमिंग लॉक करायची साधनं आणि पूर्वानुभव नसेल, तर गॅरेजमध्येच जा. पंप विकणारे असूनही आम्ही हे सांगतो, कारण अनेक इंजिनांत टायमिंग एखाद-दुसरा दात चुकलं तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आपटू शकतो. शिवाय एवढं खोललंच आहे तर टायमिंग बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही त्याच वेळी बदलून घ्या. कूलंटने भिजलेला बेल्ट परत बसवू नका.

खोलताना

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो आणि कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते उसळून अंगावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा सुरू होतो. गाडी उचलावी लागली तर स्टँड लावा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका.

कूलंट पसरट भांड्यात काढा. यातलं इथिलीन ग्लायकोल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. भांडं झाकून मुलांपासूनही लांब ठेवा. गटारात ओतू नका.

पुलीचे बोल्ट बेल्ट काढण्याआधीच ढिले करा, नंतर पुली नुसती फिरत राहते. पंपाचे बोल्ट बऱ्याचदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

साफसफाई: इथे घाई नको

जुन्या पॅकिंगचा आणि सीलंटचा कण न् कण निघाला पाहिजे. प्लास्टिकची पट्टी आणि चिकाटी, दोन्ही लागतील. अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हर चालवलात तर ओरखडा उठेल, आणि पुढे त्याच ओरखड्यातून पाणी झिरपेल. ग्राइंडरची खरखरीत चकतीही नको. तिची पूड इंजिनात गेली तर बेअरिंग खाते. शेवटी बोट फिरवा. खडबडीत लागलं तर काम झालेलं नाही. मग जागा पुसून कोरडी करा.

जुना आणि नवा पंप शेजारी ठेवून भोकं, दांड्याची उंची आणि आतल्या पात्यांची दिशा जुळते का ते बघा. नव्या पंपासोबत रबरी ओ-रिंग किंवा रबर चढवलेलं धातूचं पॅकिंग असेल, तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितल्याशिवाय सीलंट लावू नका. सीलंट लागतच असेल तर बारीक धार पुरे. जास्तीचं आत दाबलं जातं आणि तुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं.

बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. किती आवळायचं तो आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरंच कमी, बळ लागतं. ‘अजून थोडं’ म्हणत आवळलं की अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात.

भरताना

गाडीला सांगितलेलंच कूलंट वापरा, वेगवेगळी मिसळू नका. रंग सारखा म्हणजे माल सारखा, असं नसतं. तयार मिश्रण नसेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. नळाच्या पाण्यातले क्षार आत साचतात. कूलंट भरण्याआधी इंजिन क्षणभरही चालवू नका. सीलच्या घासणाऱ्या कडांना कूलंटचाच ओलावा लागतो. कोरडं फिरलं की नवं सीलही जळतं.

भरून झालं की बॅटरीची वायर जोडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. मग स्क्रू बंद करून इंजिन चालवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. इंजिन तापूनही हीटरमधून गार हवा येत असेल तर आत अजून हवा अडकलेली आहे. नवं सील बसेपर्यंत, पहिली काही मिनिटं, भोकातून थोडी ओल दिसू शकते. धार लागली किंवा ओल थांबलीच नाही, तर इंजिन बंद करा. दुसऱ्या दिवशी, थंड इंजिनावर, पातळी पुन्हा बघा.

तरीही गळालं, तर पंप काढण्याआधी गळतीच्या जागेचा फोटो घ्या. पंप न धुता, पॅकिंगसकट आणि जुन्या पंपाबरोबर आमच्याकडे आणा. पुसून चकचकीत केलेल्या पंपावरून काहीच कळत नाही.